कुंपणासाठी मांडवाचं लोखंड

म्हशींनी मेथीचा वाफा पुन्हा एकदा साफ केला, त्या सकाळी मी ठरवलं की आता कुंपण करायचंच. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची जुनी कॉलनी आहे. घर बांधलं तेव्हा प्लॉटभोवती लाकडी खांब रोवून काटेरी तार लावली होती. खांबांना वाळवी लागली, तार लोंबायला लागली आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गवळ्याच्या चरणाऱ्या म्हशी आमच्याकडे माहेरवाशिणीसारख्या येऊ-जाऊ लागल्या. माझे यजमान म्हणायचे, "जाऊ दे गं, मुकी जनावरं ती." त्यांना म्हशींची एवढी माया, कारण मेथी ते स्वतः खात नाहीत.

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत दुसऱ्यांची अंदाजपत्रकं तपासण्यात गेली. लोकांच्या फुगवलेल्या आकड्यांना लाल शाईची टाचणी लावण्यात मला फार सुख वाटायचं. त्यामुळे आपल्या घराच्या कुंपणाचं अंदाजपत्रक म्हणजे माझ्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती. अट एकच घातली होती, मुदतठेव मोडायची नाही. पेन्शनमधून जे मागे पडलंय त्यातच सगळं बसवायचं.

नाक्यावरचा फॅब्रिकेटर टेप घेऊन आला आणि प्लॉटभोवती फिरून गेला. त्यानं आधी विटांच्या भिंतीचा आकडा सांगितला. यजमानांनी तो चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं. हे घरसुद्धा खाणार का?" भिंत तिथंच बाद झाली. मग राहिली लोखंडी जाळी. जाळी, ती ताणायची तार, बुडाला काँक्रीट, मजुरी, रंग आणि जाळी ज्यांच्यावर उभी राहणार ते अँगल. मी जाळी हलकी धरली, रंगाचा एकच हात धरला, गेट जुनंच ठेवलं. तरी आकडा खाली येईना, कारण सगळ्यात जड अँगलच होते. चार दिवस मी तोच कागद खोडत बसले. दुसऱ्यांच्या कागदावर काट मारणं सोपं असतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

माझं माहेर वणीजवळ. आई-वडील आता नाहीत. धाकटा भाऊ आणि भावजय शेती बघतात. द्राक्षाची बाग असलेल्या माणसाला लोखंड कुठं स्वस्त मिळतं ते पाठ असतं, कारण बागेचा मांडव अँगलवरच उभा असतो. म्हणून त्याला फोन लावला.

"आक्का, इकत कशाला घेते?" तो म्हणाला. "अँगल पडल्यात ना आपल्याकडं. गाडीत टाकून आणतो."

"पडलेत म्हणजे?"

"बागंचे."

"आणि बागेला काय लावणार मग?"

मागे कुठंतरी मोटार चालू होती, तिचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो म्हणाला, "बाग नाय आता. काढली. उन्हाळ्यात, माल गेल्यावर."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. रक्षाबंधनाला तो आमच्याकडे आला होता. माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, पावसाबद्दल बोलला होता, टोमॅटोच्या भावाबद्दल बोलला होता, यजमानांबरोबर तासभर राजकारण केलं होतं. बागेबद्दल अवाक्षर नाही. मला राग आला. खरं सांगायचं तर रागाच्या आधी रडू आलं, पण राग जास्त सोयीचा पडतो, म्हणून तोच धरून बसले.

ती बाग वडिलांनी लावलेली. तिच्यावर आम्हा दोघांची शिक्षणं झाली, माझं लग्न झालं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावरचं माझं नाव मी राजीखुशीनं कमी करून दिलं होतं. भावानं एकदाही मागितलं नव्हतं. जमिनीतला वाटा मी सोडला, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण बाग काढायची तर "आक्का, काढू का?" एवढं विचारायचा वाटाही त्यातच सुटला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यजमान म्हणाले, "अगं, सांगायला विसरला असेल." मी म्हटलं, "बाग काय छत्री आहे, विसरायला?" त्यांनी पेपर वर धरला.

आमच्या बागेत एक गोष्ट वेगळी होती, ती मला लग्नानंतर कळली. तोवर मला वाटायचं, द्राक्षबाग म्हटली की वाकूनच चालायचं. वडील वाकून चालायचे, चुलते वाकून चालायचे, भावाला मिसरूड फुटल्यावर तोही वाकायला लागला. लग्नानंतर सासरच्या नात्यातल्या एकांच्या बागेत गेले, तर तिथं उंच उंच माणसं ताठ मानेनं फिरत होती. मी माहेरी आल्यावर आईला विचारलं. आई अंगणात ज्वारी निवडत होती. ती एवढं हसली की सूप खाली ठेवावं लागलं. "अगं, मी अशी बुटकी," ती म्हणाली. "मांडव उंच घेतला असता तर माझा हात घडाला पोचला नसता. घडातले जास्तीचे मणी काढून इरळायचं काम माझं. तुझा बाप म्हणाला, तुझ्या हाताला लागंल एवढाच घेऊ. आम्ही वाकू."

मग सगळा जन्म ते वाकले. वडिलांच्या तोंडून यातला एक शब्द मी कधी ऐकला नाही.

अँगल नको म्हणून कळवायचं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा कागदाकडे पाहून गप्प बसले. शेवटी अँगलसमोर शून्य लिहिलं. नोकरीत असते तर असलं शून्य मी कुणाच्या बापाला पास करून दिलं नसतं.

रविवारी भाऊ पिकअप घेऊन आला. फॅब्रिकेटरलाही बोलावून ठेवलं होतं. अँगल अंगणात उतरले तेव्हा खणखणाट झाला आणि कॉलनीतल्या दोन खिडक्या उघडल्या. भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला पाणी दिलं, पण "बस" म्हणाले नाही. तो उभ्यानंच प्यायला.

फॅब्रिकेटरनं एक अँगल उभा करून टेप लावला. "काकू, हे बुटके आहेत," तो म्हणाला. "खालचा गंजलेला भाग कापलाय ते ठीक. पण मुळातच उंची कमी. दीड फूट जमिनीत गेलं की वर छातीएवढंच राहील. प्रत्येकाला वरून जोड मारावा लागेल." मग त्यानं जोडाचा दर सांगितला. लोखंड, वेल्डिंग, घासणं, रंग. मी मनातल्या मनात बेरीज केली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला होता. तो हसत म्हणाला, "मांडव एवढा खाली कुणी घेतला होता?"

"आमच्या बापानं," भाऊ म्हणाला.

फॅब्रिकेटर टेप गुंडाळत गेटकडे गेला. मी भावाला विचारलं, "मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

त्यानं तांब्या पायरीवर ठेवला. "माणसं येत नव्हती, आक्का. इरळणीला बाया आणायचो, एक दिवस यायच्या, दुसऱ्या दिवशी नाय. म्हणायच्या, मान मोडती तुमच्या मांडवात. छोटा ट्रॅक्टर बी खालून जायना. दोन वर्सं मी अन् तुझ्या भावजयनंच केली सगळी बाग. तिचं तर दुखणं लय वाढलं. रातची कूस बदलता येत नव्हती तिला."

"मग तेव्हा फोन करायचा होता."

"केला असता तर तू नको म्हणली असती."

"म्हणालेच असते."

"हां. मग मला काढता आली नसती."

तो अगदी साधेपणानं बोलला, पावसाबद्दल बोलतो तसा. सही करून मी नाव काढून दिलं होतं, तरी माझ्या एका 'नको'ला हा माणूस सबंध उन्हाळा भिऊन राहिला होता. हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आणि लगेच लाजही वाटली. मी नको म्हटलं असतं, तर त्यानं आणि माझ्या भावजयीनं अजून किती वर्षं मान मोडून घेतली असती, देव जाणे. मी वर्षातून एकदा घड खायला जाणार, आणि वाकायचं त्यांनी.

"बस," मी म्हटलं. "जेवून जायचंय तुला."

"दाजींना भूक लागली आसंल आधी," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

फॅब्रिकेटरला मी हाक मारून सांगितलं, "जोड नको. आहे त्याच उंचीचं कुंपण करा."

यजमान दारात आले होते. "अगं, छातीएवढ्या कुंपणावरून म्हशी मान घालतील आत."

"घालू देत. वाफा मागे सरकवू."

"ज्यासाठी एवढं कुंपण करतोय—"

"वाफा मागे सरकवू म्हटलं ना."

यजमानांनी भावाकडे पाहिलं. भावानं खांदे उडवले. या घरात माझं 'नको' कसं असतं ते दोघांनाही ठाऊक आहे.

जेवणाआधी खड्ड्यांच्या जागा आखून घ्यायच्या होत्या. फॅब्रिकेटरनं एका कोपऱ्यात दोरी बांधली आणि भावानं दुसरं टोक समोरच्या कोपऱ्यात ताणून बांधून जागोजागी चुन्याच्या खुणा करायला सुरुवात केली. बागेच्या ओळी आखायची त्याला लहानपणापासून सवय आहे. मी पायरीवर बसून बघत होते. खूण करून झाली की तो उठे आणि पुढच्या जागेकडे चालायला लागे. खांदे आत घेतलेले, मान खाली आणि जराशी तिरकी, एक हात वरचा वेल बाजूला सारावा तसा उचललेला. वर काही नव्हतं. मोकळं आभाळ होतं.

"अरे, सरळ चाल की," मी म्हटलं.

"सरळच चाललोय," तो म्हणाला आणि तसाच वाकून पुढच्या खुणेकडे गेला.

बागेत ओळ संपेपर्यंत कुणी ताठ होत नसे. वडीलही ओळीच्या टोकाला बाहेर आल्यावरच पाठ सरळ करायचे आणि आईला पाणी मागायचे. माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यावर दोरी संपली, तेव्हा भावानं कमरेवर हात ठेवले, हळूहळू ताठ झाला आणि म्हणाला, "आक्का, पाणी दे."