हिरोच्या वतीनं खोकणारा साडू

माझ्या साडूइतका सिनेमाशी भांडलेला माणूस आमच्या भागात झाला नाही आणि होणारही नाही. कोणाला पटत नसेल तर न पटो. मी तिसरी शिकलो, पण माणूस ओळखायला मला चौथीची गरज पडलेली नाही.

थंडीत चाकणच्या माळावर तंबूतला सिनेमा यायचा. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या, मधे दोरी, आणि खाली आपापलं पोतं टाकून बसायचं. मागून मशीनचा उजेड डोक्यांवरून जायचा. लोकांच्या बिड्यांचा धूर त्या उजेडात असा तरंगायचा, की वाटावं इंद्रायणीवरचं धुकं इथं वस्तीला आलंय. मला ते फार आवडायचं. सिनेमा कमी आणि धूरच जास्त बघायचो मी. साडूला मात्र त्याचा राग.

तो चिंचवडला एका कंपनीत भट्टीवर होता. निघोज्याहून सायकलवर जायचा, शिफ्ट सुटली की थेट तंबूत. त्याचं म्हणणं एवढंच, की पोरंसोरं बघतात त्या सिनेमात हिरोनं सिगारेट ओढू नये. हिरो दुःख झालं की पेटवतो, प्रेम झालं की पेटवतो, नोकरी लागली तरी पेटवतो आणि गेली तरी. आणि एवढं ओढून खोकत कधीच नाही! "ह्यो खोटेपणा हाय, पाव्हणं," तो मला म्हणायचा. "आमी दोन झुरके मारले की बरगड्या निखळत्यात. ह्याला का न्हाई येत खोकला?" मग त्यानं ठरवलं, त्याला येत नाही ना, आपण खोकायचं. पडद्यावर काडी ओढली गेली की हा उठून उभा राहायचा आणि हिरोच्या वतीनं असा खोकायचा, की तंबूचे बांबू हलायचे.

स्वतः तो बिडी ओढायचा, हे मी लपवणार नाही. चाकणच्या न्हाव्यानं त्याला छेडलंच, "आधी तुझी इझव की राव, मग हिरोची." साडू म्हणाला, "मी काळा, दात पडल्याला. मला बघून कोण शिकतंय? झालं तर सोडंल. त्यो देखणा हाय, त्याचं भ्या हाय." मग जरा थांबून म्हणाला, "मी बी असल्याच तंबूत शिकलो. त्याचा धूर कापडावर ऱ्हायला, माझा छातीत उतरला."

रीळ बदलायला मशीन थांबलं, की तेवढ्या वेळात त्याचं भाषण. मोठी माणसं शेंगा फोडत बसायची, पण पोरांनी ते मनावर घेतलं. ती टपूनच बसायची. हिरोचा हात खिशाकडे गेला की सगळा तंबू खाकरून तयार. एकदा त्यानं बिचाऱ्यानं रुमाल काढला, तर पोरं आधीच खोकून मोकळी! दोरीपलीकडून बायाही तोंडाला पदर लावून साथ द्यायच्या.

तंबूवाला वैतागला. "काका, हे बंद करा, नाहीतर पुढच्या साली तंबू तळेगावला लावतो." झालं, सगळे साडूवर उलटले. मीही सुनावलं, "एका माणसाच्या हट्टापायी साऱ्यांची करमणूक बुडवता काय?" तर हा तंबूवाल्यापुढं जाऊन म्हणाला, "न्या तळेगावला. मी सायकलवर येऊन तिथं खोकतो." तंबूवाल्याला हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर त्याला काही धमकी देता येईना. तंबू चाकणलाच राहिला.

त्याच हंगामातली एक संध्याकाळ. पडद्यावर बागेत गाणं चाललेलं, सिगारेटचा पत्ता नाही, आणि साडू खोकायला लागला. बसल्या बसल्या. पोरांना वाटलं, आपल्याच नजरेतून काहीतरी सुटलं. तीही हसत हसत खोकायला लागली. साडूनं माझा गुडघा घट्ट धरला तेव्हा मला कळलं, हे हिरोचं नव्हे, याचं स्वतःचं आहे. मी त्याला धरून बाहेर नेलं, तंबूमागच्या गवतावर बसवलं. आत अजून सगळे हसत, खोकत होते.

"गप करू का पोरांना?"

त्यानं मान हलवली. श्वास गोळा करून म्हणाला, "नगं. शिकल्यात."

गाणं संपलं. तंबूच्या कापडावर आतला उजेड पाण्यासारखा हलत होता. मग पडद्यावर काडी ओढल्याचा आवाज आला. पोरं मघाशी खोकून दमलेली, आत कोणीच खोकलं नाही. साडू उठायला गेला, पण छातीत दम नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी तोवर कधी खोकलो नव्हतो. मला ते पटलेलंच नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. पण मी उभा राहिलो आणि कापडाकडं तोंड करून खोकलो.

"जरा खालून काढा, पाव्हणं," तो हळूच म्हणाला. "पोरांना खोटं वाटाय नगं."

मी पुन्हा खोकलो, पार पोटातून. आतून एका पोराचा खोकला आला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्या तंबूचा. साडू गवतावर डोळे मिटून ऐकत पडला होता.