आप्पांचा कुंडीतला वड

"झाडाला रोज पाणी घालता का हो?" असं कुणी विचारलं, की आप्पांचं डोकं फिरायचं. समोर कोण आहे हेही न बघता ओरडायचे, "तहान नसताना तू तांब्याभर पितोस का रं?" मग कुंडीतल्या मातीत बोट खुपसून म्हणायचे, "हिला विचार. मला न्हाय."

अनगोळात आमच्या शेजारी राहणारे हे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. होता तो गच्चीवर उथळ कुंडीत तीस वर्षं वाढवलेला, हातभर उंचीचा बोन्साय वड.

गेल्या जूनमध्ये ते पंधरा दिवस बहिणीकडे काकतीला गेले आणि वड माझ्या हवाली केला. नेमकी त्यातच वटपौर्णिमा! गल्लीतल्या बायकांना लांबच्या वडापर्यंत जायचा कंटाळा, आणि मला नाही म्हणायची लाज. सगळ्यांनी त्या एवढ्याशा झाडाला सूत गुंडाळलं, अक्षता वाहिल्या, तांब्या-तांब्याने पाणी ओतलं. चार दिवसांत पानं पिवळी पडू लागली. तहानलं असेल म्हणून मी सकाळ-संध्याकाळ आणखी पाणी घातलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

आप्पा आले. त्यांनी झाड मुळासकट उपसलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"वास घे."

गटारीचा वास येत होता. कुंडीच्या तळाच्या भोकात पाण्याबरोबर वाहून गेलेले पूजेचे तांदूळ फुगून बसले होते.

"पाण्याला भाईर जायला वाट न्हाय, आन तू वरनं ओततीस! बुडवून मारलीस की गं ह्याला!"

"मग सांगून जायचं होतं की आप्पा!" मीही चिडले.

"मातीला हात लावून बघ म्हणून सांगायला लागतंय व्हय?"

काळी, लिबलिबीत मुळं त्यांनी कात्रीने कापून टाकली, पांढरी तेवढी ठेवली. विटांचा चुरा आणि जाड वाळू मिसळलेली नवी माती भरून झाड सावलीत ठेवलं. मी रोज जाऊन माती चाचपायची, सुकली असेल तरच पाणी घालायची. ते बघत बसायचे, पण माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. असा कसला राग मेला! मी घरी येऊन भांडी आपटायची.

तिसऱ्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याने आप्पा गेले. अबोला तसाच राहिला. त्यांची बहीण म्हणाली, "झाड तूच ने बाई."

त्यानंतर पंधरा दिवसांनी बोडक्या फांदीवर तांबूस कोंब दिसला. मला आनंद व्हायला हवा होता. तळपायाची आग मस्तकात गेली. गच्चीत एकटीच उभी राहून मी ओरडले, "पंधरा दिवस थांबायला काय झालतं हो तुम्हाला? शिव्या घालायला तरी थांबायचं होतं की, आप्पा!"