पैनगंगेत उतरणारा माणूस

घडीवाले काकांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डाव्यावर स्वतःचं, काच तडकलेलं, उजव्यावर गिऱ्हाइकाचं. वणीच्या बाजारात त्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. दुरुस्त केलेलं घड्याळ ते लगेच परत देत नसत. आठ दिवस स्वतः घालत. तेच घालून कणीक मळत, झोपत, उठत. "टेबलावर तं कोनतीबी घडी चालते," ते म्हणत, "हातावर चालली पायजे." गावाला ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की आपलं घड्याळ त्यांच्या हातावर पाहून कुणाला राग येत नसे. उलट लोक विचारत, "काका, काय म्हनते माही घडी?"

आणि काका सांगत ते खरं. एकदा एक नवरदेव साखरपुड्यात मिळालेलं घड्याळ घेऊन आला, सोबत खुद्द सासरा. काकांनी ते कानाशी धरलं आणि नकली असल्याचं सांगून टाकलं. सासरा कुजबुजला, "जरा हळू बोला न." काका म्हणाले, "घडी खोटी आहे, मी काहून दबून बोलू?" गावात एक तरी माणूस तोंडावर खरं बोलतो, असं मी आमच्या खाणीच्या ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते.

माझा धाकटा भाऊ समुद्रात पाण्याखाली वेल्डिंग करतो. तो खाली उतरला की इथे माझा जीव टांगणीला. गेल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्याने स्वतःचं पाणबुड्याचं घड्याळ काढून माझ्या हातात घातलं. परदेशी, भारी किमतीचं. ठिणगी उडून पट्ट्यावर निळसर डाग पडलेला. "हे घालून किती खेपा खाली गेलो अन् दर खेपी वर आलो," तो म्हणाला. "आता तू घाल ताई, अन् माही फिकर नोको करू."

पट्टा सैल होता म्हणून मी ते काकांकडे नेलं. आठ दिवस झाले, दहा झाले, बारा झाले. मी गेले की काका उजवा हात पुढे करून कौतुक सांगत बसत. पाण्याखाली किती वेळ उरला ते दाखवणारी काचेभोवतीची कडी एकाच दिशेने फिरते. धक्क्याने सरकली तरी उरलेला वेळ कमीच दाखवेल, जास्त कधीच नाही. पट्टा जिथे जोडतो ते कान खाली वळवलेले, म्हणून एवढं जाड असूनही मनगट धरून बसतं. "बनवनाऱ्यानं पयले मनगट पायलं, मंग घडी केली." एवढं सांगून निकाल दिला तो मात्र उलटा. "पन हे तुमच्यासाठी नाही, ताई. जड आहे. दिवसभर टायपिंग करता, चावी हातात रुतन. बोटं सुन्न होतीन." खरं सांगते, त्या संध्याकाळी माझी बोटं सुन्न झाली. घड्याळ काकांच्या हातावर होतं, तरी!

मग म्हणाले, "कपाटात ठेवसान तं तेल सुकन. उमरखेडकडे एक मानूस आहे, बुडालेल्यांले काढाले पैनगंगेत उतरते. त्याले देऊ काय?" मी भावाला फोन केला. तो गहिवरला. "देऊन टाक ताई, याहून चांगलं काय?" त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. काकांना नाव विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं, आणि ते पाप मला नको होतं.

या उन्हाळ्यात काकांच्या मुलीच्या लग्नाला उमरखेडला गेले. जावई बँकेत कारकून. हार घालायला त्याने हात वर केला आणि बाहीतून तो निळसर डाग दिसला. नंतर मी जवळ गेले, तर तोच काकांकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाला, "मामाजीनं देल्ली. खास मुंबईहून बोलावली. कशी आहे?" शेजारी नवरी हसत उभी होती. "शोभते तुम्हाला," मी म्हटलं. जावयाला दिलेली वस्तू परत मागायची आमच्याकडे रीत नाही, आणि काकांना हे पक्कं ठाऊक होतं.

हात धुवायच्या नळापाशी मी त्यांना गाठलं. "काका, पान्यात उतरनारा मानूस कोनता होता?"

त्यांनी नळ बंद केला. "कोनी नोता, ताई. घातली अन् मले काढताच नाही आली. जिंदगीभर दुसऱ्याच्याच घड्या घातल्या. वाटलं, पोरीच्या सासरी माह्या घरून एक तरी खरी चीज जाओ."

"मंग मले मांगतली काहून नाही?"

"तुमी नाही म्हटलं असतं तं?"

मी नाहीच म्हटलं असतं. पण त्यांनी ते चोरलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं. त्यांनी माझ्याच हातून दान करवलं, आणि वर्षभर मी त्या पुण्यावर सुखाने झोपले. आता त्या बाजारातून मी जात नाही. काका वाईट माणूस आहेत, असं मात्र अजून तोंडातून निघत नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

भाऊ पुढच्या महिन्यात येतोय. काल फोनवर म्हणाला, "ताई, या खेपेले उमरखेडले जाऊ. त्या मानसाले भेटाचं आहे मले. किती जनाले वर काढलं, त्याच्याच तोंडून आयकाचं आहे."

मी म्हटलं, "जाऊ."