मासा कोरलेली वाटी

आमच्या गावातून होंडुरासच्या हद्दीकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, तिथे एका मोठ्या झाडाखाली तोमासाबाईचं खोपटं होतं. उजाडायच्या आत ती चुलीवर काळ्या मक्याची आंबट पेज चढवायची. वर शिजलेला घेवडा, भोपळ्याच्या बियांची पूड, लाल मिरची. तो वास अजूनही परक्या गावात मला अवचित गाठतो.

तिथे जमणारे आम्ही सगळे पेज प्यायचो ती मोर्रोच्या टणक फळाच्या वाटीतून. ज्याची वाटी त्याचीच. भिंतीवर प्रत्येकाचा खिळा, वाटीवर त्याची खूण. दुसऱ्याच्या वाटीला ओठ लावायचा नाही. माणूस मेला की मग घरचं कुणीतरी एकदा त्याच्या वाटीतून पितं.

यादवी युद्धाच्या वर्षांत तिथलं बोलणं हळू झालं, थांबलं नाही. शाळामास्तर आन्सेल्मो सगळ्यांच्या आधी यायचा. त्या शनिवारी म्हणाला, "मावशी, पेज आज पातळ झालीय."

"तुझ्या शिकवण्यासारखी," ती म्हणाली.

हसत हसत तो नदीच्या वाटेने उतरला. तिने सवयीने त्याची वाटी विसळली आणि खिळ्याला अडकवली.

तेवढ्यात बिननंबराची जीप येऊन थांबली, माणसं उचलून नेणाऱ्यांची. दोघे उतरले.

"मास्तर येतो का इथे?" मिशीवाल्याने विचारलं.

"यायचा. पावसाळ्याआधीच हद्दीपलीकडे गेला म्हणतात."

तो भिंतीपाशी गेला. आमच्या वाट्या आमच्या हातांत होत्या. खिळ्यांवर होत्या त्या न आलेल्यांच्या, सगळ्या कोरड्या. एकीतून मात्र पाणी ठिबकत होतं.

"ही कुणाची?"

"माझी."

"आणि हा मासा?"

"नवऱ्याने कोरला. त्याला तेवढंच यायचं."

त्याचा सोबती हसला. तो हसला नाही.

"मग प्या की, बाई."

तिने वाटी भरली. सावकाश, घोटाघोटाने शेवटच्या घेवड्यापर्यंत संपवली. आम्ही जमिनीकडे बघत राहिलो, मयताच्या घरी बघतात तसं. मास्तर विसरलेलं काही घ्यायला परत वर येऊ नये, एवढंच मी मनात म्हणत होतो.

जीप गेली ती डांबरी रस्त्याने, नदीकडे नाही. बाईने लगेच निरोप धाडला. अंधार पडल्यावर आन्सेल्मो हद्द ओलांडून गेला. वाचला.

पुढच्या शनिवारी जीप पुन्हा आली. मिशीवाला एकटाच उतरला. हातात नवी वाटी, चाकूने नीट तासलेली, खूण नसलेली.

"बाई, तुमचा मासा तुमच्याच खिळ्यावर लावा. मास्तरचा खिळा रिकामा झाला असेल, तो मला द्या. आता रोज येत जाईन."

"आंबट लागेल तुम्हाला."

"होईल सवय."

तिने ती वाटी घेतली, भरून त्याच्या हातात दिली. तो आमच्यात बाकावर येऊन बसला. आम्ही आपापल्या वाट्या तोंडाला लावल्या, आणि रिकाम्या झाल्या तरी खाली घेतल्या नाहीत.