घड्याळातला उतरलेला सेल

भिंतीवरच्या घड्याळातला उतरलेला सेल मी टाकायला निघाले, तर बाबांनी तो मागून घेतला. आईला हल्ली शिवणाच्या डब्यात दोऱ्यांचे रंग ओळखू येत नव्हते. तिथे त्यांना एलईडी लावायचा होता.

अंगठीएवढ्या कड्यावर त्यांनी बारीक तार गुंडाळली, ट्रान्झिस्टर जोडला. दिवा लागेना.

“राहू द्या हो,” आई म्हणाली.

तारेची टोकं उलटी जोडल्यावर लख्ख उजेड पडला.

“घड्याळाला न पुरणारा सेल दिव्याला कसा पुरतो?” मी विचारलं.

“उरलंय ते थोडं थोडं साठवून सोडायचं,” बाबा म्हणाले.

संपलं म्हणून आपण काय काय टाकून देतो, असं मनात येत होतं. तेवढ्यात आईने पांढरं रीळ उचललं.

“शर्ट काढा. मी काळ्या दोऱ्याने बटण लावलं, आणि तुम्ही तसाच घालून हिंडताय.”