आजीच्या मायचा गुंड

अजून फोन येतात. परवा अल्लीपूरहून एक बाई बोलून राह्यली होती, "आजीले सांगजो, आमचा माळा खाली करून राह्यलो, दोन पराती आन एक गंगाळ निघालं, येऊन पाहून जा म्हना." मी म्हनलं, आजी गेली. ती म्हने, "अरे देवा. आता कोन घेईन मंग?"

म्हनून सांगून राह्यली. वर्ध्याले बाजाराच्या मागं जुन्या भांड्याचं दुकान चालवनारी सुलोचनाबाई, माही आजी, गेली. तेरवी झाली. दुकान बंद आहे.

नागपूरचे लोक गाडी घेऊन येत, दिवाणखान्यात ठेवाले समया, घागरी नेत. ते तिले अँटिकवाली आजी म्हनत. गल्लीतले पोट्टे भंगारवाली म्हनत. तं आजी म्हने, "भंगार काट्यावर जाते रे बाबू. माह्या दुकानात काटा दिसला काय तुले?" काटा नव्हताच. ती भांड्यावरचं नाव पाहे. पयले पोरीच्या लग्नात भांडं देत तं त्याच्यावर ठोकून ठोकून नाव टाकत, ठिपक्या ठिपक्याचं. आजीचं सारं लक्ष त्या नावावर.

ते काऊन, ते सांगते.

आजीचं माहेर रोहण्याचं. माय अन्नपूर्णा, बाप नत्थूजी, वावर करणारे लोक. लग्नात मायनं तिले पानी भराचा पितळी गुंड देल्ला. नवा नाई, घरातलाच, ज्याच्यात माय सोता रोज पानी भरे. त्याच्यावर नाव, अन्नपूर्णा नत्थूजी रोहणा. काठाले चेप, विहिरीच्या दगडावर आपटलता. बुडाले ठिगळ.

पयल्या बाळंतपनाले आजी रोहण्याले गेलती. इकडं तिच्या सासूनं घरचं सारं पितळ भांडेवाल्याले देल्लं आन स्टील घेतलं. तवा लोकाइले स्टीलची लय हौस. सासूनं वाईट मनानं नाई केलं. सून येईन, चकचकीत भांडे पाहीन, खुश होईन, असंच वाटलं बिचारीले. आजी लेकरू घेऊन आली तं सासू म्हने, "पाय सुलोचना, आरसाच आहे, तोंड दिसते!"

आजीनं तोंड पाह्यलं आन इचारलं, "गुंड कुठं आहे?"

त्याच उन्हाळ्यात तिची माय वारली.

भांडेवाल्याकडं गेली तं तो म्हने, "बाई, माल आला तसा गेला." मंग आजी गावोगाव फिरे. नुसतं पाहाले आली म्हनलं तं कोनी घरात घेईना. म्हनून भांडे घ्या लागले. घेतले तं इका लागले. असं झालं दुकान. माळ्यावर अंधार राहे, तं आजी तिथंच भांड्यावर बोट फिरवून नाव वाचे. अन् ज्याच्या घरी जाये त्याले सांगे, काठाले चेप, बुडाले ठिगळ, असा गुंड दिसला तं कळवजा.

आबाजीले, मंजे माह्या आजोबाले, हे पाहवे नाई. एक डाव त्याइनं बाजारातून तेवढाच गुंड आनला, कासाराकडून नाव टाकून घेतलं, काठ दगडावर ठोकला, बुडाले ठिगळ लावून आनलं. पोत्यात घालून घरी आले. "अवं, देवळीच्या बाजारात भेटला, पाय बरं."

आजीनं उराशी धरला. मंग नावावरून बोट फिरवलं.

"टोचते," म्हने.

"काय टोचते?"

"अक्षरं टोचून राह्यले. मायचे घासून घासून गुळगुळीत झालते."

आबाजी खाली पाहून म्हने, "चेप तं बराबर जमली ना?"

तो गुंड आजीनं इकला नाई. जनमभर त्याच्यातच पानी भरलं. पाहुना आला का म्हने, "घ्या, आमच्या मालकाच्या खोट्या गुंडातलं खरं पानी." आबाजी उठून बाहेर जाऊन बसत. ते वारले तवा आजी त्या गुंडाले टेकून बसली होती.

मंग शुगरनं आजीचे डोळे गेले. ते तिनं एवढं मनावर नाई घेतलं. बोटं आहेत ना, म्हने. मंग बोटं बी गेले. चहाचा कप हातातून सुटे, तिले पत्ता नाई. एक डाव गॅसजवळ बोट भाजलं, ते तिले वासानं समजलं. डॉक्टर म्हने, नसा गेल्या, आता वापस येत नाई. त्या दिवसापासून आजी दुकानात येऊन बसे, पन भांड्याले हात लावे नाई. हात मांडीवर ठेवून बसे, दुसऱ्याचे असल्यासारखे.

पोळ्याच्या आधी पवनारहून निरोप आला. अनुसयाबाई म्हनून म्हातारी, तिचं मातीचं घर पाडून राह्यले होते. मी एकटीच गेली. आंगनात भांड्याचा ढीग, अन् त्याच्यात गुंड, काळाठिक्कर. मी चेप पाह्यली. उलटा करून ठिगळ पाह्यलं. मंग नावावर बोट फिरवलं. अन्नपूर्णा. मी तिथंच खाली बसली.

"काय झालं वं पोरी? पानी आनू काय?"

मी सांगतलं. म्हातारी म्हने, "आमच्या सासूनं वर्ध्याच्या बाजारातून आनलता. दुसरीचं नाव आहे म्हनून देवाजवळ नाई ठेवला, न्हानीत ठेवला. तुही आजी आलती ना एक डाव. सासूनं दारातूनच वापस लावलं, आमाले काई इकाचं नाई म्हनून."

पवनार. वर्ध्याहून बसमंधी बसलं का आलंच.

घरी येऊन मी म्हनलं, "आजी, भेटला."

"काय भेटला?"

"मायचा गुंड."

मांडीवर ठेवला. तिचा हात धरून नावावर फिरवला. ती मान वाकडी करून बसली, काई आयकाचं असल्यासारखी.

"काईच नाई लागून राह्यलं, रीता."

"अक्षरं गुळगुळीत झाले, आजी."

"टोचत बी नाई, गुळगुळीत बी नाई. काईच नाई."

मी तिच्या गालाले लावला. "थंडा आहे," म्हने.

"चेप आहे, ठिगळ आहे, नाव आहे. तुही शप्पथ."

"हे सारं तुह्या आबाजीनं बी आनलतं."

"मी खोटं काऊन बोलीन?"

"मंग आबाजी काऊन बोल्लते?" ती हसली, माह्या तोंडावरून हात फिरवला. "चांगलं केलं पोरी. ठेव आबाजीच्या गुंडाच्या बाजूनं."

मी अनुसयाबाईले फोन लावून देल्ला. तिनं सारं सांगतलं, सासूचं, न्हानीचं. आजीनं पुरं आयकून घेतलं आन म्हने, "बाई, पोरीसाठी एवढं बोल्ली, तुहे उपकार आहेत." काय करावं मानसानं? ज्या खुना मी सांगू त्या तिनंच गावोगाव वाटलेल्या. मी रोज सांगे. कधी चिडून सांगे, कधी रडून. रडली का ती मलेच समजवे, "नोको रडू, मी नाई रागावली."

दसऱ्याच्या आधी तिनं जेवन सोडलं. एक दिवस मले जवळ बलावलं. "मी गेल्यावर बी शोधजो. पवनारले एका घरून मले दारातूनच वापस लावलतं. तिथं एक डाव जाजो. माह्या मनातून ते घर कधी गेलंच नाई."

मी हाव म्हनलं. त्याच घरातून गुंड आनला, हे तं रोजच सांगून राह्यली होती; दुसरं काय म्हनू?

दोन दिवसानं गेली. शेवटच्या आंघोळीचं पानी मी तिच्या मायच्या गुंडातूनच टाकलं. बाया म्हनत होत्या, "आता तरी भेटला तिले." मले तसं काई वाटलं नाई. पानी टाकलं, तेवढंच.

अल्लीपूरची बाई म्हने, "तू घे ना मंग, तुले तं सारं येते." येते. पन आता कोनाच्या माळ्यावर चढून काय पाहू? मी नाई म्हनलं.

दोन्ही गुंड स्वयपाकघरात बाजूबाजूनं आहेत. काल मी डोळे मिटून दोन्हीच्या नावावर बोट फिरवलं. आबाजीचे अक्षरं बी आता टोचत नाई. कोनता कोनाचा ते मले बी समजलं नाई.