सातव्या घरातला मंगळ

आमच्या खगोल मंडळात मंगळाची दुर्बीण कायम माझ्याकडे असते. मी ती मागून घेतली आहे. पत्रिकेत सातव्या घरात मंगळ म्हणून माझी चार-पाच स्थळं परत गेली, तेव्हा म्हटलं, ज्याच्यापायी एवढं रामायण चाललंय त्याला निदान जवळून बघावं तरी. दिवसा मी नांदेडच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा सुट्टीच्या संध्याकाळी दुर्बिणीला लावते, एवढाच फरक.

आईला हे पटत नव्हतं. ती माझ्यासाठी दर मंगळवारी उपास धरायची. वर, आधी मडक्याशी लग्न लावू म्हणजे दोष निघून जाईल, हा तिचा धोशा. मी सांगून टाकलं होतं, मडक्यात पाणी भरीन, त्याच्या गळ्यात हार घालणार नाही. त्यावरून आमच्यात आठवडा आठवडा अबोला चालायचा.

या हिवाळ्यात मंडळानं देगलूरला एका शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवलं. देगलूर माझ्या मावशीचं गाव. आईही माझ्यासोबत आली होती. दुपारी चहाचा कप पुढं करत मावशी हळूच म्हणाली, "संध्याकाळी पोराकडचे येऊन राहिलेत तुला बघायला, तिथंच मैदानात. पोरगा लई चांगला हाय, नोकरी पक्की हाय. मंगळ न्हाई म्हणून सांगितलंय मी. तू नुसती गप बस."

माझं डोकंच फिरलं. आईकडं पाहिलं, तर ती मान खाली घालून शेंगा सोलत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तिचे ते हात बघून क्षणभर वाटलं, बसावं गप. या वयात असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, आणि संसार मलाही हवा होता. नाही कशाला म्हणू?

अंधार पडला तशी मैदानात गर्दी झाली. गुरूच्या दुर्बिणीपुढं झुंबड, माझ्यापुढं तुरळक रांग. एक बाप तेलुगूत "चूडु, चूडु", बघ बघ, म्हणत पोरीला पुढं ढकलत होता. मंगळ म्हणजे बारीक नारिंगी ठिपका. लोक "बस, एवढंच?" म्हणतात आणि पुढं सरकतात. मला ते ऐकायला फार आवडतं.

मग मावशी मुलाच्या आईला घेऊन आली. मागं मुलगा. देखणा होता, खोटं कशाला बोलू. बाईंनी भिंगाला डोळा लावला आणि कौतुकानं विचारलं, "कोणता तारा हाय हा?"

मावशीनं मला मागून चिमटा काढला.

"मंगळ," मी म्हणाले. "माझ्या पत्रिकेत सातव्या घरात आहे तो. नाही म्हणून सांगितलं ते खोटं होतं. तो असा आहे आणि मी अशी आहे. दोघांनाही नीट बघून घ्या."

बाईंनी इतक्या झटक्यात डोळा काढला की दुर्बीण हलली. मुलानं माझ्याकडं पाहिलं, स्वतःच्या आईकडं पाहिलं आणि तिच्यामागं चालू लागला. त्यानं भिंगाला डोळासुद्धा लावला नाही. मला राग त्याचा आहे, नकाराचा नाही.

मावशी त्यांच्यामागं धावली. माझे डोळे भरून आले होते, पण दुर्बीण पुन्हा लावणं भाग होतं. लावली. मान वर केली तर रांगेत आई उभी.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मागचे लोक चुळबुळायला लागले.

"ह्योच का?"

"हाव."

"मसुरीच्या दाण्याएवढा बी न्हाई की मेला," आई म्हणाली. "आन् ह्याच्यापायी मी उपाशी राहिले?"

परतताना बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. मला वाटलं, पुन्हा अबोला.

मंगळवारी मी लॅबला निघाले, तर आई ओट्यापाशी उभी राहून भाकरी खात होती. माझ्याकडं बघत, मुद्दाम, मोठमोठे घास घेऊन.